सैन्य पाठवायचे कोणी आणि अडवायचे कोणी?

प्रश्न : अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष सैन्याविषयीच्या विधेयकावर व्हेटो वापरतात आणि तिथली संसद तो व्हेटो मोडून काढते, अशा बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. आपले राष्ट्रपती तर तिन्ही सैन्यदलांचे सरसेनापती. त्यांना असा अधिकार आहे का? १९६१ साली गोव्यात सैन्य पाठवताना राष्ट्रपतींची किंवा संसदेची परवानगी घेतली होती का? घरातली मोठी माणसे त्या दिवसांच्या आठवणी सांगतात, पण हुकूम नेमका कोणाचा होता हे कोणालाच सांगता येत नाही.
(एक वाचक, पेडणे)

उत्तर : हुकूम केंद्र सरकारचा होता. म्हणजे पंतप्रधान जवाहरलाल नेहरू, संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन आणि त्यांचे मंत्रिमंडळ यांचा. राष्ट्रपती होते डॉ. राजेंद्र प्रसाद. कारभार त्यांच्या नावाने चालत होता, पण सैन्य हलवायचे की नाही हे ठरवणे त्यांच्या हातात नव्हते. संसदेच्या मंजुरीची तर घटनेत अटच नव्हती आणि आजही नाही. गोव्याच्या बाबतीत एक व्हेटो मात्र खरोखर वापरला गेला. तो दिल्लीत नव्हे, न्यूयॉर्कमध्ये. डिचोलीच्या एका वाचकाने त्याविषयीच विचारले आहे, त्यामुळे दोन्ही पत्रांना एकत्रच उत्तर देतो. आधी अमेरिकेचे पाहू.

अमेरिकेच्या राज्यघटनेने सैन्याचा अधिकार मुद्दाम दोघांत वाटून दिला. सरसेनापती राष्ट्राध्यक्ष, पण युद्ध पुकारणे, सैन्य उभारणे आणि त्याला पैसा देणे हे काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या संसदेचे काम. काँग्रेसने मंजूर केलेले विधेयक राष्ट्राध्यक्षांना नको असेल तर रविवार सोडून दहा दिवसांत ते कारणांसह परत पाठवता येते. मग दोन्ही सभागृहांत प्रत्येकी दोन तृतीयांश मते मिळाली, तर राष्ट्राध्यक्षांच्या सहीवाचून त्याचा कायदा होतो.

सैन्याच्या बाबतीत याचे सर्वांत मोठे उदाहरण १९७३ सालचे आहे. व्हिएतनामचे युद्ध रीतसर न पुकारताच वर्षानुवर्षे चालले होते आणि कंबोडियावर काँग्रेसला अंधारात ठेवून बाँब टाकले गेले होते. चिडलेल्या काँग्रेसने युद्धाधिकारांचा कायदा आणला. परदेशात सैन्य लढाईत उतरवले तर ४८ तासांत काँग्रेसला कळवायचे आणि काँग्रेसने मंजुरी दिली नाही तर ६० दिवसांत लढाई आवरती घ्यायची. रिचर्ड निक्सन यांनी २४ ऑक्टोबर १९७३ रोजी त्यावर व्हेटो वापरला. ७ नोव्हेंबरला दोन्ही सभागृहांनी तो मोडून काढला : प्रतिनिधिगृहात २८४ विरुद्ध १३५, सेनेटमध्ये ७५ विरुद्ध १८. या आकड्यांमागे एक कारण दडलेले आहे. व्हेटोच्या चारच दिवस आधी निक्सन यांनी वॉटरगेटची चौकशी करणाऱ्या विशेष वकिलाला काढायला लावले होते आणि देशभर संताप उसळला होता. राष्ट्राध्यक्ष राजकीयदृष्ट्या खिळखिळे झाले होते, म्हणून दोन तृतीयांश मते जमली. एरवी ती जमत नाहीत.

ती का जमत नाहीत, हे समजून घेण्यासारखे आहे. १९७३ च्या कायद्यात अशी सोय होती की काँग्रेसने नुसता ठराव केला, राष्ट्राध्यक्षांची सही नसली, तरी सैन्य परत बोलवावे लागेल. १९८३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच एका खटल्यात निकाल दिला की सहीसाठी न पाठवलेल्या असल्या ठरावाला कायद्याचे बळ नाही. तेव्हापासून युद्ध थांबवायचे तर ठराव राष्ट्राध्यक्षांकडे जातो, तिथे व्हेटो होतो आणि काँग्रेसला दोन तृतीयांश मते शोधत बसावे लागते. घटनाकारांच्या मनात युद्ध सुरू करायला बहुमत लागावे असे होते. प्रत्यक्षात युद्ध थांबवायला दोन तृतीयांश मते लागू लागली. २०१९ साली येमेनच्या युद्धातून अंग काढून घेण्याचा ठराव दोन्ही सभागृहांनी मंजूर केला, डोनाल्ड ट्रम्प यांनी व्हेटो वापरला आणि सेनेटमध्ये ५३ विरुद्ध ४५ असे बहुमत असूनही व्हेटो टिकला. एका सभागृहातले एक तृतीयांशाहून थोडे अधिक सदस्य राष्ट्राध्यक्षांच्या बाजूने उभे राहिले की पुरते.

उलटही होते. संरक्षण खर्चाच्या वार्षिक विधेयकावर ट्रम्प यांनी २३ डिसेंबर २०२० रोजी व्हेटो वापरला. गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सेनानींची लष्करी तळांना दिलेली नावे बदलण्याची तरतूद त्यांना खटकत होती. सैनिकांचा पगार त्याच विधेयकात असल्यामुळे त्यांच्या पक्षाचे लोकही फुटले आणि १ जानेवारी २०२१ रोजी सेनेटने ८१ विरुद्ध १३ मतांनी तो व्हेटो मोडला. जिमी कार्टर यांनी १९७८ साली अणुऊर्जेवरच्या नव्या विमानवाहू जहाजामुळे संरक्षण विधेयक अडवले, तेव्हा व्हेटो टिकला आणि जहाज वगळावे लागले. पण पुढच्याच वर्षी काँग्रेसने तेच जहाज पुन्हा घातले आणि कार्टर यांनी सही केली.

आता आपल्याकडे या. घटनेचे कलम ५३ सैन्यदलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींना देते, पण त्याच वाक्यात म्हणते की त्याचा वापर कायद्याने ठरेल. कलम ७४ म्हणते की राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतील. राजेंद्र प्रसादांना याविषयी शंका होती आणि ती त्यांनी लपवली नाही. २८ नोव्हेंबर १९६० रोजी दिल्लीत एका जाहीर भाषणात त्यांनी राष्ट्रपतींच्या अधिकारांचा नीट अभ्यास व्हावा असे सुचवले. नेहरूंना ते रुचले नाही. गोव्याची कारवाई झाली ती यानंतर वर्षभराने. पुढे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने सल्ला बंधनकारक असल्याचे स्पष्ट लिहिले आणि ४४ व्या दुरुस्तीने राष्ट्रपतींना एवढीच मोकळीक दिली की सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येईल. तोच सल्ला पुन्हा आला तर मानावाच लागेल.

विधेयकांचेही तसेच. कलम १११ प्रमाणे राष्ट्रपती विधेयक परत पाठवू शकतात, पण संसदेने साध्या बहुमताने ते पुन्हा मंजूर केले की सही करावी लागते. २००६ साली लाभाच्या पदांविषयीचे विधेयक डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी परत पाठवले, ते तसेच पुन्हा आले आणि त्यांनी सही केली. सही न करता विधेयक नुसते ठेवून देण्याची एक वाट आहे, कारण आपल्याकडे दहा दिवसांसारखी मुदत नाही. ग्यानी झैलसिंग यांनी १९८६ च्या टपाल विधेयकाचे तेच केले. पण सैन्याला मिळणारा पैसा धनविधेयकातून मंजूर होतो आणि धनविधेयक परत पाठवण्याचा अधिकारच राष्ट्रपतींना नाही. थोडक्यात, कार्टर किंवा ट्रम्प यांनी केले तसे भारताच्या राष्ट्रपतींना करता येत नाही. आणि व्हेटो नाही म्हटल्यावर तो मोडण्याचा प्रश्नच नाही.

मग संसदेने काय केले? पेडण्यात हा प्रश्न विचारणे फार सार्थ आहे, कारण संसदेचे आणि पेडण्यातल्या पत्रादेवीचे नाते रक्ताचे आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीच्या सीमेवर नि:शस्त्र सत्याग्रही तिरंगा घेऊन आत शिरले आणि पोर्तुगीज सैनिकांनी गोळ्या झाडल्या. पंजाबचे कर्नेलसिंग तिथे पडले. मध्य प्रदेशातून आलेल्या सहोदराबाई राय जखमी झाल्या. त्याच दिवशी तेरेखोलला हिरवे गुरुजी हुतात्मा झाले. गोव्याच्या सगळ्या सीमांवर मिळून त्या दिवशी वीसहून अधिक माणसे गेली. बंगालचे त्रिदिब चौधरी लोकसभेचे सदस्य असतानाच त्या वर्षी गोव्यात शिरले आणि पोर्तुगीज तुरुंगात गेले. सहोदराबाई दोनच वर्षांनी, १९५७ साली, सागरमधून लोकसभेवर निवडून आल्या. शेजारच्या राजापूर मतदारसंघातून नाथ पै आले. गोव्यासाठी गोळी खाल्लेली आणि तुरुंग भोगलेली माणसे त्या सभागृहात होती.

तरीही १९५५ ला सैन्य गेले नाही. उलट सरकारने सामुदायिक सत्याग्रहच बंद केला. १९६१ ला मात्र सैन्य गेले. दोन्ही निर्णय मंत्रिमंडळाचे. मधल्या सहा वर्षांत संसदेने प्रश्न विचारले, चर्चा केली, सरकारला टोचत राहिली. पण जा म्हणायला किंवा थांबा म्हणायला तिच्याकडे मत नव्हते. नोव्हेंबर १९६१ मध्ये अंजदीव बेटावरून ‘साबरमती’ या भारतीय बोटीवर गोळीबार झाला, एका मच्छीमाराचा जीव गेला आणि मग सरकारचे मन पालटले. कारवाईसाठी १४ डिसेंबर ही तारीख ठरली होती. परदेशी राजदूतांच्या विनवण्यांपायी ती पुढे ढकलत १८ वर आली.

प्रश्न : मुक्तिदिन आपण १९ डिसेंबरला साजरा करतो, पण आमच्या डिचोली तालुक्यात मावळिंगे इथे १७ तारखेलाच चकमक झाली असे सांगतात. ते खरे का? आणि रशियाने व्हेटो वापरला नसता तर भारताला गोवा सोडावा लागला असता, असेही कोणी म्हणतात. त्यात कितपत तथ्य आहे?
(एक वाचक, डिचोली)

उत्तर : मावळिंग्याचे खरे आहे. मुख्य कारवाई १८ च्या पहाटे सुरू झाली, पण १७ तारखेलाच तिथल्या पोर्तुगीज चौकीवर हल्ला झाला आणि दोन पोर्तुगीज सैनिक मारले गेले. त्या रात्री माघार घेताना पोर्तुगीजांनी डिचोली, शापोरा आणि अस्नोडा इथले पूल उडवले. मुख्य जबाबदारी मेजर जनरल के. पी. कँडेथ यांच्या १७ व्या डिव्हिजनची होती; उत्तरेकडून दोडामार्गाच्या बाजूने उतरलेल्या ५० पॅरा ब्रिगेडने नुसते शत्रूचे लक्ष विचलित करायचे होते. पण ब्रिगेडियर सगतसिंग थांबले नाहीत. त्यांची एक तुकडी १८ च्या संध्याकाळी बेतीला मांडवीच्या काठावर होती आणि १९ च्या सकाळी पणजीत. १७ ही तारीख लक्षात ठेवा. न्यूयॉर्कच्या कागदावर ती पुन्हा येते.

लिस्बनमध्ये अंतोनियो सालाझार यांचा हिशेब सरळ होता. गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्वा यांना हुकूम होता की शरणागती नाही, शेवटच्या माणसापर्यंत लढायचे आणि निदान आठ दिवस तग धरायचा. तेवढ्या दिवसांत जगाचा दबाव आणून, संयुक्त राष्ट्रसंघाकडून भारताला थांबवायचे होते. गोव्यात पोर्तुगीज सैनिक साधारण साडेतीन हजार, तेही जुन्या शस्त्रांचे.

या हुकमाला पोर्तुगालमध्ये आडकाठी करणारे कोणी होते का? कागदावर होते. १९३३ च्या त्यांच्या राज्यघटनेत राष्ट्राध्यक्षांना पंतप्रधान बदलण्याचा अधिकार होता. गोव्याच्या आठच महिने आधी, एप्रिल १९६१ मध्ये, त्यांचे संरक्षणमंत्री बोतेल्यो मोनीझ राष्ट्राध्यक्ष अमेरिको तोमास यांच्याकडे गेले आणि सालाझारना काढा म्हणाले. वसाहती बंदुकीच्या जोरावर टिकणार नाहीत हे त्या सेनानींना कळून चुकले होते. तोमास यांनी नकार दिला. सालाझारनी मोनीझना घालवले आणि संरक्षण खाते स्वत:कडेच घेतले. तिथली राष्ट्रीय सभा होयबांची होती. तेव्हा डिसेंबरात वरून आलेला तो भयंकर हुकूम अडवण्याची जबाबदारी शेवटी आली ती ज्याला तो मिळाला त्याच्यावरच. व्हासालो ई सिल्वा यांनी तो पाळला नाही. १९ डिसेंबरच्या रात्री त्यांनी शरणागतीवर सही केली आणि हजारो माणसांचे, आपल्या गावांचे आणि घरांचे प्राण वाचले. लिस्बनने १९६३ साली त्यांना लष्करातून बडतर्फ केले. हुकूमशाही कोसळल्यावर, १९७४ नंतर, त्यांचा मान परत मिळाला. १९८० साली ते गोव्यात आले तेव्हा लोकांनी त्यांचे चांगले स्वागत केले. ते योग्यच केले असे मला वाटते.

आता व्हेटो. १८ डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषद बसली. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी ठराव मांडला : लढाई थांबवा, भारताने आपले सैन्य १७ डिसेंबरपूर्वीच्या जागी मागे घ्यावे आणि प्रश्न शांततेने सोडवावा. म्हणजे मावळिंग्याच्याही मागे, सीमेपलीकडे. त्या काळी परिषदेत ११ सदस्य होते आणि ठरावाला सात मते लागत. बाजूने पडली बरोबर सात : हे चार, शिवाय चिली, इक्वेडोर आणि चीनच्या खुर्चीवर तेव्हा बसलेले तैवानचे सरकार. विरोधात चार : सिलोन, लायबेरिया, इजिप्तचे संयुक्त अरब प्रजासत्ताक आणि सोव्हिएत संघ. शेवटचे मत कायम सदस्याचे, म्हणून तो व्हेटो ठरला आणि ठराव पडला. सिलोन, लायबेरिया आणि इजिप्त यांनी पोर्तुगालची तक्रारच फेटाळण्याचा उलट ठराव आणला होता. तो ४ विरुद्ध ७ ने पडला. सोव्हिएत संघाचे राष्ट्रप्रमुख लिओनिद ब्रेझनेव्ह त्या दिवसांत भारताच्याच दौऱ्यावर होते.

तिथे रात्र, तेव्हा गोव्यात १९ ची सकाळ उजाडलेली. पणजी हातची गेल्यावर ठराव मंजूर झाला असता तरी सैन्य मागे गेले असते, असे मला वाटत नाही. पण परिणाम झाला असताच. सालाझारना हवा होता तो कागद त्यांना मिळाला असता, प्रत्येक परिषदेत तो भारतापुढे नाचवला गेला असता आणि गोव्याचे भवितव्य वर्षानुवर्षे वादात राहिले असते. काश्मीरचे काय झाले ते आपण पाहिलेच आहे. तेव्हा ‘गोवा सोडावा लागला असता’ हे अतिशयोक्त आहे. ‘व्हेटोने फार मोठी डोकेदुखी टळली’ हे खरे.

सुरक्षा परिषदेतला व्हेटो मोडायची सोय नाही, असे समजले जाते. एक वाट आहे. १९५० साली कोरियाच्या युद्धात अमेरिकेच्याच पुढाकाराने आमसभेने ठरवले की व्हेटोमुळे परिषद अडली तर विषय आमसभेत आणता येईल आणि दोन तृतीयांश मतांनी शिफारस करता येईल. १९५६ साली सुएझच्या वेळी तसे झाले होते. गोव्यासाठी पाश्चात्त्य देशांनी ती वाट धरली नाही, कारण मते मिळाली नसती. १४ डिसेंबर १९६० रोजी आमसभेने ८९ विरुद्ध शून्य मतांनी वसाहतवाद संपवण्याचा जाहीरनामा मंजूर केला होता आणि दुसऱ्याच दिवशी, गोवा हा पोर्तुगालचा ‘प्रांत’ नसून स्वयंशासन नसलेला प्रदेश आहे, असेही ठरवले होते. आफ्रिका-आशियातले नवस्वतंत्र देश पोर्तुगालच्या मागे उभे राहणार नव्हते.

आणि भारताची संसद? तिने आपले बळ दाखवले ते गोव्यानंतर अकरा महिन्यांनी. चीनने हल्ला केला, सैन्याची दैना झाली, तेव्हा सत्ताधारी पक्षाच्या खासदारांनीच नेहरूंना कृष्ण मेनन यांचा राजीनामा घ्यायला भाग पाडले. गोव्याच्या कारवाईचे संरक्षणमंत्री गेले आणि मुंबईहून यशवंतराव चव्हाण त्या जागी आले. आपल्या पद्धतीत ‘मोडून काढणे’ असते ते असे : विधेयकावर नव्हे, मंत्र्यावर. पण त्यासाठी आधी पराभव व्हावा लागला.

इथे मला एक गोष्ट मनापासून खटकते. कलम ३५२ खाली आणीबाणी पुकारली तर महिन्याभरात दोन्ही सभागृहांची विशेष बहुमताने मंजुरी लागते. सैन्य देशाबाहेर लढायला पाठवले तर मात्र कशाचीच सक्ती नाही. १९८७ साली श्रीलंकेत शांतिसेना गेली ती सरकारने केलेल्या कराराच्या आधारावर, संसदेच्या मतावर नव्हे. अकराशेहून अधिक जवान परत आले नाहीत. आधी परवानगी घ्या, असे मी म्हणत नाही. सीमेवरच्या कारवाईला गुप्तता आणि वेग लागतो, हे सगतसिंगांच्या ब्रिगेडने दाखवून दिले आहे. पण ठराविक तासांत संसदेला कळवणे आणि आणीबाणीसारखी महिन्याभरात मंजुरी घेणे, एवढा कायदा हवा. साध्या बहुमताचा असावा, म्हणजे अमेरिकेसारखी दोन तृतीयांश मतांची कोंडी होणार नाही.

पेडणे आणि डिचोली हे दोन्ही तालुके उत्तर गोवा लोकसभा मतदारसंघात येतात. असे विधेयक खासगी विधेयक म्हणून मांडण्याचा अधिकार मंत्री नसलेल्या प्रत्येक खासदाराला आहे. १९७० नंतर एकही खासगी विधेयक मंजूर होऊन कायदा बनलेले नाही, हे खरे. पण ते चर्चेला आले की सरकारला सभागृहात उभे राहून उत्तर द्यावे लागते. दोन्ही पत्रलेखकांना माझी विनंती आहे की हाच प्रश्न आपल्या खासदारांना लेखी पाठवावा.